सिनेमात पाहिलेला खट्टा

आमच्या हिंगोलीत स्टेशनच्या बाजूच्या माळावर दरसाल उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा यायचा. आईनं तो कधी पाहिला नव्हता. ती जवळच्याच गोरेगावकडची, शेतकऱ्याची लेक. सोवळंओवळं कडक. आमच्या परसाला लागून एका कल्हईवाल्याचं घर होतं. त्याच्या बायकोला आम्ही मुलं खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. आईचं आणि तिचं मेतकूट जमलं होतं, पण परसातल्या बाभळीखाली. खाला आमच्या मागच्या पायरीपर्यंत यायची. पायरी चढायची नाही, आणि आईही तिला चढ म्हणायची नाही.

एका वर्षी खालानंच विषय काढला. "बाईमाणसांचा सिनेमा हाय म्हन्तेत. चला ना."

वडील नाही म्हणाले नाहीत. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. तंबूत बायकांसाठी कनातीच्या आड वेगळी जागा होती. आम्ही तिघी सतरंजीवर बसलो. मी मधे, एका बाजूला आई, दुसरीकडे बुरखा मागे टाकून खाला.

गोष्ट साधीच होती. दक्षिणेकडची एक मुलगी उत्तरेतल्या मोठ्या घरात सून म्हणून जाते. तिची भाषा वेगळी, जेवण वेगळं. सासू तिला चुलीला हात लावू देत नाही. सून अंगणात तीन दगड मांडून आपल्यापुरतं रांधते. पुढं सासू आजारी पडते, तिच्या तोंडाची चव जाते, आणि सुनेनं केलेलं चिंचेचं आंबट पाणी तेवढं तिच्या घशाखाली उतरतं. बोलणं जड उर्दूत होतं. बाजारातलं हिंदी आईला समजायचं, हे समजेना. मग खाला माझ्या डोक्यावरून वाकून तिला मराठीत सांगत राहिली. "आता सासू म्हन्ते, माझ्या भांड्याला शिवू नको." पुढच्या बायका चूप बसा म्हणाल्या, तरी ती थांबली नाही. सासूनं वाटी तोंडाला लावली तेव्हा आईनं डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी परसात दोघींची जुंपली. आई म्हणाली, "सासूची काय चूक? आपली चूल आपुन सांभाळायचीच."

"बराबर हाय," खाला म्हणाली. "मंग तुमी रडल्या काहून?"

आई तडक आत निघून गेली. दोन-तीन दिवस ती धुसफुसत होती. मग एका सकाळी तिनं खालाला हाक मारली. "ते आंबट, खट्टा म्हन्ता ते, तुमच्यात करतेत ना, खिचडीसंगं? मला सांगा. मी माझ्या हातानं करते."

खाला पायरीवर बसली. आई चुलीपाशी. मधल्या दारातून सूचना सुरू झाल्या. "तीळ करपू देऊ नका. हां, आता काढा. शेंगदाने घ्या. जिरं. आता चिंच कोळा. शिजवायचं न्हाई, नुसतं कालवायचं. कांदा कच्चाच टाका." तिला आत काही दिसत नव्हतं. पाट्याचा आवाज आणि वास एवढ्यावर ती सांगत होती. झाल्यावर आईनं बाहेर येऊन तिच्या वाटीत वरूनच ओतलं. खालानं घोट घेतला. "मीठ कमी हाय," म्हणाली, आणि हसली. त्या वरून ओतण्याचा राग तिनं कधी धरला नाही. आज मला तिच्या त्या मोठ्या मनाचं फार कौतुक वाटतं. वडिलांनी दुपारी दोनदा खट्टा मागून घेतला. कुठून शिकलीस, हे विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

पुढं निजामाचं राज्य गेलं त्या पावसाळ्यात मुसलमानांच्या घरांवर लोक चालून जातील अशी भीती गावात पसरली. खालाचा नवरा कल्हईच्या कामासाठी औंढ्याला गेलेला, तिकडंच अडकला. वडीलही शेतावर होते. भरदुपारी खाला दोन लेकरांना घेऊन परसात आली आणि पायरीखाली उभी राहिली. आईनं तिचा दंड धरला आणि तिला पायरी चढवून थेट चुलीपाशी नेलं. लेकरांना पाट दिले, ताटं मांडली.

थोड्या वेळानं चार माणसं दारात आली. शेजारची बाई इकडं आली का, विचारू लागली. आई दारात आडवी उभी राहिली. ती कधी परक्या पुरुषांशी बोलत नसे.

"पाव्हणे जेवून राहिले," ती म्हणाली. "माझ्या घरातून कुनाला ताटावरून उठवत न्हाईत. तुमी जा."

ती माणसं तिच्याकडं बघत राहिली. मग त्यातला एक म्हातारा म्हणाला, "चला रे," आणि ती गेली. आई आत आली आणि पळी घेऊन वाढायला वाकली. खालानं तिच्या हातातून पळी घेतली आणि वाढायला लागली. आई पाटावर बसली, आणि तिनं वाढलेलं जेवली.

गाव निवेपर्यंत खाला आमच्याकडंच राहिली. नवरा सुखरूप परतला, त्या दिवशी निघताना तिनं कोपऱ्यातलं शेणाचं पोतेरं उचललं. "चूल सारवून देते, मंग जाते."

आईनं तिच्या हातातून ते काढून घेतलं. "काही बाटलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी आधी त्यांना जेवू घाला. उपाशी आले असतील."