फुली मारलेली चप्पल

नाकाशी चप्पल होती.

चामड्याची, घामट, टाचेला झिजलेली. डोळे उघडले तर आधी तीच दिसली, मग तिच्यामागचं माणसांचं कडं. मी फरशीवर उताणी पडले होते. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्त. समोरच्या पडद्यावर मेंदू होता. लाल, निळा, पिवळा, भागाभागांत रंगवलेला. तो मीच काढलेला.

सर्वसामान्य वाचकांना मेंदूची सचित्र ओळख करून देणाऱ्या पुस्तकाचं ते प्रकाशन होतं. पुण्यातलं छोटं सभागृह, बाहेर चपला काढून आत यायची पद्धत. मजकूर एका डॉक्टरांचा, चित्रं सगळी माझी. डॉक्टर वाहतुकीत अडकले होते आणि ते यायच्या आधी मला फिट आली. कुणीतरी धावत बाहेर गेलं आणि दारातल्या ढिगातून चामड्याची बघून एक उचलून आणली. कुणाची होती, आजही मला माहीत नाही. जमलेल्यांपैकी कुणाचीही असेल.

ती माझ्या नाकाशी धरली होती आमच्या प्रकाशकांनी. या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ त्यांनी स्वतः वाचलं होतं. त्यात फिटवर एक पान आहे. माणसाला कुशीवर वळवा, जवळ बसून राहा, काही हुंगवू नका. खाली माझं चित्र. चप्पल, आणि तिच्यावर लाल फुली.

मी कशीबशी उठून बसले. प्रकाशकांनी चप्पल खाली ठेवली, रुमालाने बोटं आणि बोटातली अंगठी पुसली आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पुस्तकासोबत प्रात्यक्षिकही मिळेल, असं आम्ही निमंत्रणात छापलं नव्हतं."

लोक हसले. मोठ्याने नाही. ओठ मिटून, सभ्यपणे.

मला मागच्या रांगेत बसवलं. शेजारच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. डॉक्टर आले, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. चित्रकार म्हणून माझा सत्कार ठरला होता. माझं नाव पुकारलंच नाही. नारळ टेबलावर तसाच राहिला.

मी अमरावतीकडची. लहानपणी फिट आली की आईही बाबांची चप्पल नाकाला लावायची. तिला वेगळं काही सांगणारं कुणी नव्हतं. पण नंतर ती पदराने माझं तोंड पुसायची, डोकं मांडीवर घेऊन बसायची. इथे मी माझं रक्त माझ्याच ओढणीने पुसलं.

वाघोलीची बस पकडून खोलीवर आले. आईचा फोन आला. "झाला का वं कार्यक्रम? तुयं नाव घेतलं का?"

"घेतलं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि खूप रडले.

त्यानंतर मी प्रकाशकांच्या ऑफिसात जाणं सोडलं. चित्रं मेलने पाठवायची. कधी कधी सबंध दिवसात दूधवाल्याशी जेवढं बोलणं होईल तेवढंच. भीती मेंदूत कुठे असते ते मी त्या पुस्तकात काढलं होतं, बदामाएवढं. एकटेपणा कुठे असतो, ते काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण झाकून ठेवायची वस्तू आहोत, हे मला हळूहळू पटायला लागलं होतं.

मग एके दिवशी प्रकाशकांचा फोन आला.

"दुसरी आवृत्ती निघतेय. एवढंच करा, फिटच्या पानावरची ती चप्पल काढून टाका. ती बघून लोक उगाच त्या दिवशीचा विषय काढतात. आणि कार्यक्रमाला आपण दगदग करून येऊ नका. आपल्याच तब्येतीसाठी सांगतोय."

आपण. केवढा तो आदर.

मी ऐकत राहिले आणि एकदम लख्ख कळलं. लाज त्यांची होती. इतके दिवस ती मी वागवत होते. संताप आला, त्यांचाही आणि माझाही.

"चप्पल राहणार," मी म्हणाले. "आणि मी येणार."

"बघा हं. पुढची कामंही आपल्यालाच द्यायचा विचार होता."

"नका देऊ. चप्पल काढायची असेल तर माझी सगळी चित्रं काढा. नुसत्या मजकुराचं पुस्तक छापा."

मी फोन ठेवला.

त्याच दुपारी ते पान पुन्हा काढायला घेतलं. पहिल्या चित्रात नुसतीच चप्पल होती. आता तिच्याखाली पडलेलं माणूस काढलं आणि त्याला माझा चेहरा दिला. भोवती माणसांचं कडं, चप्पल धरलेला हात, बोटात अंगठी. वर फुली, आधीपेक्षा जाड. पाठवून दिलं. उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित ते दुसरा चित्रकार शोधत असतील. शोधू देत.

कार्यक्रमाला मी जाणार आहे. निमंत्रण असो वा नसो. पहिल्या रांगेत बसणार आहे. फिट येईल की नाही, ते माझ्या हातात नाही. आली तर तुमच्यासमोर पडेन. कुशीवर वळवा, जवळ बसा. तेही जमत नसेल तर लांब उभे राहा, मी माझी उठेन.

चपला मात्र दाराबाहेरच राहतील.