जंताच्या गोळीसाठी दोन हात

अंगणवाडीच्या ताईंनी माझ्या लेकीला जंताची गोळी समोरच चावून खायला लावली. शेजारी उभ्या माझ्या वडिलांनीही हात पुढे केला.

"आजोबा, ही पोरांची आहे," ताई हसल्या.

मला हसू आलं नाही. वर्षभर आम्ही वडिलांचा अशक्तपणा वयावर ढकलला आणि निघाले जंत. लेकीलाही तेच. औषध झालं, तरी दोघांनाही पुन्हा झाले. डॉक्टर म्हणाले, लहान अंग जंतांशी लढायला अजून शिकलेलं नसतं आणि म्हातारं अंग शिकलेलं विसरत जातं.

आम्ही तिघं एकाच विहिरीचं पाणी पितो, एकाच वाफ्यातली कोथिंबीर खातो. मी मात्र ठणठणीत.

दोघांचे काटकुळे हात धरून घरी निघालो. माझ्या अंगाला जे येतं, ते यांना मी कसं शिकवू?