करवलीचा मान

चैत्रातल्या संध्याकाळी भद्रावतीच्या आमच्या वसाहतीमागच्या रानातून मोहाच्या फुलांचा गोड, जडसा वास अंगणात उतरायचा, आणि त्या वासात माझी धाकटी रेवा पाण्याने भरलेला तांब्या, वर नारळ ठेवून, दोन्ही हातांनी उराशी धरून उभी असायची. थोरल्या गौरीचं लग्न ठरलं होतं. वधूच्या पाठीशी असा नारळाचा करा धरून उभं राहायचं ते धाकट्या बहिणीने, म्हणजे रेवानेच, त्याचाच हा सराव. रेवाला जन्मतः डाउन सिंड्रोम आहे. स्नायू सैल, बोटं आखूड. भात कालवून स्वतःच्या हाताने खायला ती शिकली तेव्हा तिच्या वयाची मुलं पाटीवर अक्षरं गिरवत होती. मी मात्र त्या दिवशी शेजारीपाजारी पेढे वाटून आले होते.

नणंदबाईंनी हळूच विषय काढला. मुलाकडची मंडळी बडी, मंगलाष्टकं लांबतात, फोटो निघतात. "वहिनी, पोरीले काऊन तरास देता? दुसरी कोनी उभी राहीन." काळजीआड दडलेली लाज मला बरोबर ओळखू येते, इतकी वर्षं तिच्याशीच तर माझं भांडण आहे. मी साफ सांगितलं, करवली रेवाच. कोणाला पाहवणार नसेल त्यांनी आधी जेवून घ्यावं.

लग्नाच्या दिवशी मांडवात उकाडा मी म्हणत होता. अक्षता पडत होत्या, रेवाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण ओठ घट्ट मिटलेले आणि नजर बहिणीच्या गजऱ्यावर खिळलेली. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, तरी तिच्या हातातला करा तसूभर कलला नव्हता. माझा ऊर असा भरून आला की टाळ्या वाजवायचंच राहून गेलं.

मग वरमाय करवलीच्या मानाची साडी घेऊन आल्या. भल्या बाई, रेवाकडे पाहून मायेने हसल्या, आणि साडी माझ्यापुढे धरली. रेवाच्या वतीने घ्यायची मला जन्माची सवय. मीही हात पुढे केला. तेवढ्यात रेवाने करा आत्याच्या हाती सोपवला, नीट धर म्हणून तिला बजावलं, आणि आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. शब्द जड, पण एकेक स्पष्ट.

"करवली मी आहो."

वरमाय थबकल्या. मग त्यांनी रेवाला कुंकू लावलं, साडी तिच्या ओंजळीत ठेवली, आणि रेवा ती बहिणीला दाखवायला निघून गेली. पुढे केलेला माझा हात रिकामाच राहिला होता. तो आता कुठे ठेवावा, हे मला कितीतरी वेळ सुचलं नाही.