मागच्या काचेतला समुद्र

गार्डकाका कुठल्याही गाडीत बसले की तोंड मागं करून बसत. झाशीच्या बड्या बाजारातून माझ्या स्कूटरवर जातानासुद्धा उलटे, माझ्या पाठीला पाठ लावून. लोक हसायचे. "हँसने दो भैया," ते म्हणत. "जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलाय. पुढचं ड्रायव्हर बघेल, मागचं कोण बघणार?"

माझे वडील रेल्वेत रूळ दुरुस्त करणारे गँगमन. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगतो. कॉलेजचा फॉर्म भरला तो शेजारच्या गार्डकाकांनी. वर बाबांना दम दिला, "पोराच्या हातात फावडं दिसलं तर माझ्याशी गाठ आहे!"

गेल्या वर्षी काकांना काचबिंदू निघाला. नजर फार दिवस टिकणार नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी इटलीत होतो. फोनवर विचारलं, "काका, काय बघायचंय?"

"समुद्र. आपल्या झाशीच्या लक्ष्मी तालापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही रे."

त्यासाठी मुंबई पुरली असती. पण मी हट्टानं त्यांना इटलीला आणलं.

सालेर्नोहून अमाल्फीला जाणारा रस्ता कड्याच्या अंगानं जातो. डावीकडे खोल समुद्र, उजवीकडे लिंबांच्या बागा, मधूनच चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेले जुने बुरूज. मी गाडी चालवतोय आणि काका मागच्या सीटवर, मागच्या काचेला नाक लावून!

मी चिडलो. "एवढ्या लांब आणलं ते ह्यासाठी? पुढं बघा ना!"

"ओरडू नकोस. पुढून येतं ते भुर्रकन जातं. मागं बघितलं की लहान होत होत दिसेनासं होईपर्यंत आपलंच असतं. मला आता घाई परवडत नाही."

मी वेग कमी केला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्ला केला. काकांनी खिडकीतून हिरवा रुमाल हलवून त्यांना रीतसर पुढं सोडलं.

या दिवाळीत झाशीला गेलो, तेव्हा त्यांची नजर गेली होती. मोबाइलमधले तिथले फोटो उघडून वर्णन करू लागलो, "हा बघा... हा बुरूज, काका. खाली पाणी..."

"पाण्याशी दोन होड्या. एक निळी, एक पालथी. पालथीवर एक बाई जाळं वाळत घालतेय."

मी फोटो मोठा केला. होड्या होत्या. बाईही होती. रस्ताभर गाडी मी चालवली, फोटोही मीच काढला होता, तरी हे मला दिसलं नव्हतं.

मोबाइल खिशात टाकला. "मग?" मी विचारलं.

काकांनी मांडी सारखी केली आणि सांगायला सुरुवात केली.