किटली विसळलेलं पाणी

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न झालंय.

आमच्या संस्थेच्या म्हैसवाटप योजनेचं लॉजिक मॉडेल घेऊन आज ईट गावाजवळच्या एका खेड्यात गेले होते. लॉजिक मॉडेल म्हणजे बाणांचा तक्ता. म्हैस, मग दूध, मग डेअरी, मग घरात पैसा आणि शेवटच्या चौकटीत ‘मुलं सुदृढ’. काय मिरवत होते मी तो!

तिथल्या पंच्याहत्तरीच्या सोजरबाई तक्ता बघून म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडं दूध सोसायटी आली. माझ्या म्हशीचं दूध पहिल्या दिवसापासनं तिथं.”

मी खुशीत विचारलं, “मग मावशी, मुलांना भरपूर दूध मिळालं असेल?”

“न्हाय ओ. आधी पेलाभर तरी मिळायचं. मग समदंच सोसायटीला. धाकटी लई रडायची, तवा म्या किटली इसळून ते पांढरं पाणी पाजलं तिला. त्या साली आमच्या सोसायटीला तालुक्यात बक्षीस मिळालं.”

मी तक्ता पुन्हा उघडून पाहिला.

डेअरीला किती लिटर गेलं, हा रकाना आमच्याही तक्त्यात आहे. घरात किती राहिलं, हा नाही!

तुम्ही तुमचे बाण कुणाला विचारून काढता? मी माझे ऑफिसात बसून काढले होते. दुधाचा चहा पीत.