बुवांनी दिलेली शिष्या

त्या मंगळवारी बुवांनी माझ्या बहिणीची शिकवणी बंद केली.

बुवा आठवड्यातून तीनदा आमच्या रत्नागिरीच्या घरी माडीवर गाणं शिकवायला येत. टोपी काढून गुडघ्यावर घालीत, गरम पाणी मागत आणि तंबोरा मनासारखा लागेपर्यंत कुणाशी बोलत नसत. विषमज्वरातून उठल्यापासून वरच्या निषादावर त्यांचा आवाज फाटे. ते खाकरत आणि पुढे जात.

त्या दिवशी बहीण एकटी गात होती. निषादावर तिचाही आवाज फाटला.

"पुन्हा," बुवा म्हणाले.

पुन्हा तिथेच, तसाच फाटला.

"असं काय गो करतेस?"

"तुमच्यासारखंच घेतलं, बुवा. आपल्या घराण्याची ती जागा आहे ना?"

बुवा हसले. मग बराच वेळ तंबोऱ्याला गवसणी घालत बसले.

खाली येऊन त्यांनी वडिलांना कोल्हापूरच्या एका गवयाचं नाव सांगितलं. त्याचं घराणं वेगळं. आपली शिष्या दुसऱ्या घराण्यात धाडणारा गुरू मी तोवर ऐकला नव्हता.

"मग तुमची गायकी कुणाकडे जायची?" वडील म्हणाले.

"तिने माझा घसा उचललाय, गायकी नव्हे. आणि गाऊन दाखवल्याशिवाय मला शिकवता येत नाही."

मला त्यांचा राग आला होता. बहीण आठवडाभर धड जेवली नाही. मग वडिलांनी तिला कोल्हापूरला मामाकडे पोचवलं.

आता तिचा आवाज तिन्ही सप्तकांत स्वच्छ फिरतो. बुवा गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या घराण्याचं गाणारं रत्नागिरीत आता कुणी नाही.