पडद्यामागून पाहिलेला खुनी

मंडळी, नव्वदीत आज मी जन्मभराचं भांडण हरले.

निजामाच्या काळात देगलूरला तंबूत इंग्रजी डिटेक्टिव्हचे हसवणारे सिनेमे यायचे. बायका पडद्याच्या मागं बसायच्या, म्हणून आम्हाला चित्र उलटं दिसायचं. एकदा पडद्यापाशी उभा राहून इंग्रजी गोष्ट समजावून सांगणारा माणूस ओरडला, "खुनी डावखुरा हाय!" अन् तेवढ्यात रीळ तुटलं, शेवट राहिलाच.

मी म्हणलं, "खानसामाच! डाव्या हातानं ढवळत होता."

मैत्रीण सुगंधा म्हणली, "येडे, आपण उलटं पाहून राहिलो. उजव्या हातानं लिहिताना दिसला ना, तो डॉक्टर हाय!" त्यावरून आम्ही जन्मभर भांडलो.

आज मोबाइलवर तोच सिनेमा सापडला. डॉक्टरच निघाला! एकटीच लई हसले अन् सुगंधाला फोन लावायला गेले. नंबर हाय अजून. ती जाऊन वर्ष झालं.

चिडवणारीच न्हाई, तर हरले हे कोणाला सांगू हो?